जवळचा रंग

ज्या सकाळी मी धुके रंगवायला शिकलो, त्या सकाळपासून आमचे स्वयंपाकघर दूर जाऊ लागले. दुपारी ते अंगणाच्या लांबीइतके दूर होते. दिवेलागणीला त्याचे दार फिकट निळे दिसू लागले. माझी पत्नी अनसूया त्या दारात बसून फणसाच्या आठळ्या सोलीत होती. तिचे पातळ तांबडे होते, हे मला आठवून पाहावे लागले.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर आम्ही घाटमाथ्यावरच्या या घरात आलो, आणि समोरची दरी रोज पाहता पाहता ती आपल्या हातून कागदावर उतरावी, अशी इच्छा मनात उत्पन्न झाली. सावंतवाडीचे पेडणेकर मास्तर दर रविवारी घाट चढून जलरंग शिकवायला येत. त्यांनी सांगितलेला पहिला नियम मी दीक्षेच्या मंत्रासारखा ग्रहण केला. दूरचे ते फिके, निळसर, विरलेल्या कडांचे. जवळचे ते गडद, उबदार, रेखीव. दूरच्याचा रंग ओल्या कागदावर सोडायचा; जवळच्याला मात्र कागद पूर्ण वाळल्यावाचून हात लावायचा नाही.

त्या सकाळी ओल्या कागदावर दरीचा रंग सोडताना मी कोपऱ्यात दारातली अनसूयाही तशीच फिकी सोडली. वाळल्यावर तिला गडद करू, असे योजिले होते.

"दूरचं झकास जमलंय हां, शास्त्रीबुवा," मास्तर म्हणाले. "एवढं लांबचं मलासुद्धा जमत नाही."

"आणि जवळचे?"

"ते अजून कागदावर आहे कुठे?"

आतून अनसूयेची हाक आली. "अहो, चहा ठेवलाय. येताना दशम्या बांधून घ्या, वाट लांब झालीय."

मास्तर हसले. मी निघालो. माजघर संपता संपेना. फरशीवर दव पडले होते आणि कोनाड्यातल्या देवांवर ढग उतरला होता, म्हणून मी त्यांना अंदाजानेच नमस्कार केला. पोहोचलो तेव्हा चहावर जाड साय आली होती. मी अनसूयेच्या अगदी समोर उभा राहिलो, तरी तिला भुवया नव्हत्या. दूरच्या माणसाला भुवया काढीत नाहीत.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "लग्नात मध्ये अंतरपाट होता, तेव्हासुद्धा याहून बरी दिसले असेन."

"तू तेव्हा जवळ होतीस."

"मग आता बोलवा की जवळ. मी काय नाही म्हणतेय?"

परतल्यावर मी कागद पाहिला. तो ओलाच होता. पुढच्या रविवारीही ओलाच राहिला. तोवर स्वयंपाकघर दरीपलीकडे गेले होते, आणि अनसूयेची हाक प्रथम समोरच्या कड्यावर ऐकू येई, मग घरात.

"घाटावरची हवा ही अशी," मास्तर म्हणाले. "शेगडीवर धरा थोडा वेळ."

"शेगडी स्वयंपाकघरात आहे."

मास्तरांनी खिडकीतून दरीपलीकडे पाहिले आणि मान हलवली. "मग थांबा."

"ओल्या फडक्याने टिपून तिला पुन्हा काढली तर?"

"टिपलंत तर आहे तेही जाईल."

"आणि असाच रंग लावला तर?"

"अर्धवट वाळलेल्या कागदाला भरला कुंचला टेकवलात, की नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत सुटतं. फूल येतं, कोबीसारखं. मग ब्रह्मदेव आला तरी ते निघत नाही." त्यांनी आपली छत्री उचलली. "हाताची पाठ लावून बघत जा. गार लागला तर ओला. गार असताना शिवू नका. एवढं ऐका माझं."

मी ऐकले. रोज स्नानानंतर, पूजेआधी, मी कागदाला हाताची पाठ लावीत असे. तो गारच असे. पलीकडचा डोंगर आकाशात मिसळू लागला होता आणि त्याच्या पायथ्याशी एक निळसर ठिपका हालचाल करीत होता. कधी धूर दिसे, त्यावरून मी तिचा स्वयंपाक चालू आहे, असे समजत असे.

मग एका सकाळी कड्यावरून तिचा आवाज आला.

"अहो, आठळ्या सापडताहेत, पण माझे हात सापडत नाहीत."

"कुठे ठेवले होतेस?"

"चेष्टा नको. या ना लवकर."

मी कागदाला हाताची पाठ लावली. गार होता. गार आहे हे मला कळले, आणि तरी मी भाजल्या गेरूचा रंग कालवून कुंचला भरला व प्रथम तिचे मनगट आणि बोटे काढली, कारण तिने हात मागितले होते. रेघ स्वच्छ उमटली. त्याच क्षणी माझ्या मेजावर, दौतीशेजारी, तिचे मनगट आले; गडद, उबदार, हिरव्या बांगड्यांसह. बोटे माझी बोटे चाचपू लागली. मी ते धरले.

"लागला का गं हात?" मी ओरडलो.

ती काही तरी म्हणाली. ते डोंगराने ठेवून घेतले.

कागदावर मास्तरांनी सांगितलेल्या फुलाची दातेरी कडा उठली. मेजावर मनगट जिथे संपत होते तिथूनही एक पांढरे वलय फुटले आणि खिडकीच्या चौकटीवरून, दरीवरून, झाडांची टोके पुसत पायथ्याच्या ठिपक्याकडे सरकू लागले. माझ्या अंगठ्याखाली तिची नाडी चालली होती. मी मूठ आवळली. आणि जितकी आवळली, तितका तो रंग माझ्या बोटांमधून कोपरापर्यंत ओघळू लागला.