थंडीला वाट

"भिंत पाडायची म्हणे. उद्या म्हणशील घर पाडा," थोरला बायकोवर खेकसला.

 थोरली रानाच्या खालच्या अंगाला, भिंतीलगत उकिडवी बसली होती. तिथला घेवडा कालच्या एका रात्रीत काळा पडला होता, उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा. वरचा मात्र हिरवागार, फुलांनी लगडलेला. तो तगला तर घर तगणार होतं. आणि आजचं लक्षण कालच्याहून वाईट होतं. आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा ठप्प. अशा रात्री थंडी जमिनीवर उतरून बसते.

"हे धाकट्याचं काम," थोरला म्हणाला. "भिंतीवरून काहीतरी ओतलंय त्यानं. शेळीला अडवलं म्हणून डूख धरलाय."

खाली सख्ख्या धाकट्या भावाचं कांद्याचं रान, त्याच्या खाली ओढा. धाकट्याची शेळी म्हणजे दोन्ही घरची मालकीण. रोज वर यायची आणि घेवडा ओरबाडायची. तिच्यापायी भाऊ भांडले, बोलणं तुटलं, आणि थोरल्यानं उन्हाळाभर दगड वाहून छातीएवढी भिंत रचली. वर चिखलानं लिंपली, मुंगीलाही फट नको म्हणून. माणूस रागावला की कामाला फार बरा असतो.

"ओतलं असतं तर डाग पडले असते. हे तर सगळं एका पातळीत जळलंय, पाणी साचावं तसं," थोरली म्हणाली. "थांबा, दाखवते."

ऊन उतरलं होतं. तिनं वरच्या बांधाला ओला पालापाचोळा पेटवला. धूर वर जाईना. तो सऱ्यांमधून उताराला लागला, भिंतीपाशी आला आणि तिथंच तुंबून राहिला. थोडा वेळ गेला तसा काळ्या पडलेल्या पट्ट्यावर गुडघाभर धूर साचला.

"गार हवा जड असते. खाली खाली वाहते. पूर्वी ही थंडी भावजींच्या रानातनं ओढ्यात जायची. तुम्ही धरण बांधलंत."

थोरल्यानं पायानं धूर ढवळून पाहिला, तो पुन्हा तिथंच बसला. मग त्यानं पहार घेतली. पण दगड हलेना. स्वतःचंच काम, पक्कं केलेलं. सूर्य टेकडीला टेकला तरी जेमतेम कुत्रं जाईल एवढं भगदाड पडलं.

"भावजींना हाक मारा," थोरली म्हणाली.

"जीभ झडली तरी नाही."

"झडू दे. मला आहे जीभ," म्हणत तिनं हाक दिली.

दगडांचा आवाज ऐकून धाकटा आधीच पलीकडं येऊन उभा होता. "का पाडतोय हा?"

"थंडी अडलीय, घेवडा जळतोय. तुमच्याकडनं जाऊ द्याल का?"

धाकट्यानं भिंतीवरून काळा पट्टा पाहिला. "कांद्याला काय होतंय थंडीनं? आधीही जातच होती की," तो म्हणाला आणि पलीकडून आपली पहार लावली. दोघं भाऊ अंधार पडेपर्यंत झटले, तेव्हा गाडी जाईल एवढी वाट मोकळी झाली. बोलणं फक्त "धर" आणि "सोड" एवढंच.

सकाळी ओढ्याकाठचं गवत गोठलेल्या दवानं पांढरं पडलं होतं. घेवडा हिरवा होता, भिंतीपाशी उरलेला एकूणएक वेल. आणि त्याच्या मधोमध धाकट्याची शेळी, तोंडभर पाला घेऊन उभी.

थोरल्यानं ढेकूळ उचललं. खाली धाकटा मान फिरवून उगाच ओढ्याकडं बघत होता. थोरल्याच्या मुठीत ढेकूळ फुटलं, माती खाली पडली.

"खायला उरलंय म्हणून खातेय," तो बायकोला म्हणाला, आणि शेळीचं दावं धरून खाली भावाकडं निघाला.