निपसाठी दोन सह्या

डेस गेला तो झोपेतच गेला, पण जाताना नोरीनच्या गळ्यात एक वकील बांधून गेला. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारे, दोन: सख्खी बहीण नोरीन क्विल्टी आणि ओटलँड्स गावचे वकील अ‍ॅलिस्टर पिम. म्हणजे डेसच्या शेडमधली बादली हलवायची तरी दोघांच्या सह्या. "मेल्या, जन्मभर माझ्या हातचं खाल्लंस," नोरीन त्याच्या फोटोला म्हणायची, "आणि विश्वास त्या टायवाल्यावर?"

मेंढरं विकायला महिने लागले, गाडी दारात गंजली, ते सगळं तिने सोसलं. पण निपचं काय? निप म्हणजे डेसचा मेंढ्या वळणारा केल्पी जातीचा कुत्रा, आसपासच्या स्पर्धांमध्ये फिती मिळवलेला. आता म्हातारा झालेला, पोटात गाठ. डेस गेल्यापासून त्याचं खाणं तुटत गेलं आणि आता त्याने अन्नच टाकलं. जनावरांची डॉक्टर टॅम्सिन त्याला तपासून उठली.

"मावशी, याचे हाल बघवत नाहीत. इंजेक्शन देऊन सोडवूया. पण कुत्रा डेसचा, तेव्हा तुम्हा दोघांची लेखी संमती लागेल."

नोरीनने पिमला फोन लावला.

"निप? यादीतला कुत्रा?" पिम म्हणाला. "बक्षिसं मिळवलेलं जनावर आहे, नोरीनबाई. ती मालमत्ता आहे. आधी त्याची किंमत ठरवून घेऊ. पर्थला राहणारा तुमचा भाचा निम्म्याचा वारस, उद्या त्याने विचारलं तर?"

"किंमत? अहो, त्याला उभं राहवत नाही!"

"पद्धत असते, बाई."

"चुलीत घाला तुमची पद्धत!"

तिने फोन आपटला. मग भाच्याला गाठलं. तो म्हणाला, "आत्या, कुत्र्यात माझा कसला वाटा? शेपटी?" हे पिमला कळवलं, तर पिम म्हणाला, "लेखी द्यायला सांगा." पुढे फोन केला की कधी साहेब कोर्टात, कधी जेवायला. एकदा तर साहेब होबार्टला गोल्फ खेळायला गेलेले. नोरीनचा संताप संताप झाला. बेकरीत, चर्चच्या पायरीवर, भेटेल त्याच्यापाशी ती पिमचा उद्धार करायची. घरी येऊन निपला चमच्याने सूप पाजायची आणि त्यालाही तेच ऐकवायची. सूप बाहेर ओघळायचं. औषधानेही आता त्याची कळ थांबत नव्हती.

गुरुवारी पिम स्वतःच आला. चकचकीत बूट चिखलाने माखलेले, मागे बॅग घेऊन टॅम्सिन. स्वयंपाकघरात डेसच्या जुन्या स्वेटरवर निप पडला होता. पिम त्याच्यापुढे उकिडवा बसला.

"भाच्याचं पत्र आलं," तो उठून म्हणाला. "ही माझी सही. मी फार ताणलं, बाई. चुकलं माझं."

कागद टेबलावर होता. पिमच्या सहीखालची जागा रिकामी होती. नोरीनने पेन उचललं, खाली ठेवलं.

"चष्मा कुठे गेला माझा?"

"नाकावर आहे, मावशी," टॅम्सिन म्हणाली.

"मग आधी चहा टाकते. इतक्या लांबून आलात."

चहा कोणी मागितला नव्हता. नोरीनने किटली भरली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. इतके दिवस पिमला शिव्या घालणं किती सोपं होतं! तो नाही म्हणत होता, तोवर तिला हो म्हणावं लागत नव्हतं. डेसच्या घरातलं श्वास घेणारं हे एवढंच उरलं होतं, आणि ते आता तिच्याच हाताने जायचं होतं. तिचे डोळे भरून आले.

"पिमसाहेब," ती पाठमोरीच म्हणाली, "एखादा नियम निघतो का बघा ना अजून. एवढे निघाले, त्यात आणखी एक."

पिमने मान हलवली. "नाही, बाई. असता तर सांगितला असता."

निप कण्हला. नोरीनने किटली ठेवली, टेबलाशी येऊन सही केली आणि जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"ये गं टॅम्सिन," ती म्हणाली. "मीच उशीर केला."