टार्निश

"बस की जरा. किती येरझाऱ्या घालशील?" दादा म्हणाला.

ती बसली आणि लगेच उठली. खिडकी लावली, पुन्हा उघडली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. दुपारच्या पाळीला तिला पुन्हा वॉर्डात रुजू व्हायचं होतं.

एका पेशंटची अंगठी हरवली होती. त्या खाटेजवळ शेवटची तीच गेली होती, म्हणून तिला घरी बसवलं. पुढे अंगठी सापडली, धुवायला गेलेल्या उशीच्या अभ्र्यात. काल मेट्रनबाईंनी बोलावून चहा पाजला. म्हणाल्या, "तुमचं नाव उगाच टार्निश झालं, सिस्टर. विसरा आता."

चहा घशाखाली उतरला. शब्द काही उतरेना.

"दादा, टार्निश म्हणजे डागच ना?"

दादा शाळेत इंग्रजी शिकवायचा. एक शब्द विचारला की त्याच्या खापरपणजोबापर्यंत जायचा, म्हणून घरात त्याला सहसा कुणी काही विचारत नसे. बहिणीने आपणहून विचारलं, तसा तो सावरून बसला.

"डाग नव्हे. मूळ फ्रेंच. तेज जाणं, झाकोळणं. चांदी काळवंडते ना, तसं. काही जाणकार त्याच्याही मागे एक जुना जर्मन शब्द असावा म्हणतात. त्याचा अर्थ झाकणं, लपवणं."

"म्हणजे आत चांदी असते."

"असतेच."

"मग काळी कशाने पडते?"

"हवेने. नुसती उघड्यावर राहिली तरी पडते."

"तिने काही करावं लागत नाही."

दादाने चपला पायात सरकवल्या. "मी येतो सोडायला," तो म्हणाला.

"नको. पहिलीत नाही चालले मी."

वॉर्डात सगळ्याजणी तिच्याशी जरा जास्तच गोड बोलल्या. तिने इंजेक्शनचा ट्रे उचलला आणि कामाला लागली.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या, शेजारी त्यांची लेक. सिस्टर येताना दिसली तशी लेक चटकन उठली आणि आईच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढू लागली.

"सुईला अडचण नको म्हणून," ती नजर चुकवत म्हणाली.

इंजेक्शन दंडात द्यायचं होतं.

तसंच मागे फिरावं, गणवेश उतरवून घरी जावं, असं सिस्टरला वाटलं. एवढ्यात आजी कळवळल्या. सुजलेल्या मनगटावरून एक बांगडी निघत नव्हती आणि लेक ओढतच होती.

"थांबा, दुखतंय त्यांना."

तिने ट्रे ठेवला. साबण आणला, आजींचं मनगट हलक्या हाताने चोळलं. बांगडी फिरू लागली, तसा तिने आपला हात काढून घेतला.

"आता तुम्ही काढा."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मागे पर्सची चेन सरकल्याचा आवाज झाला. मग ती वळली, आजींच्या दंडावर कापूस फिरवला.

"आजी, हात सैल सोडा," ती म्हणाली. "काही कळणार नाही."