पुंडलिक मास्तरांची हेरगिरी

गोडदेवच्या पुंडलिक मास्तरांचा आवाज असा दणदणीत, की ते दहावीच्या पोरांकडून विज्ञानाच्या व्याख्या घोकून घ्यायला लागले की घोडबंदरच्या किल्ल्यावरचे कावळे पंख मिटून ऐकत बसत. तीस वर्षं हाच शिरस्ता. मास्तरांनी सांगायचं, पोरांनी दहादा म्हणायचं.

मग दादरहून गिरिजाबाई समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या आणि त्यांनी क्लास काढला. तिथे आवाजच नाही! बाई रोज वीस प्रश्नांच्या टेस्टचा कागद देणार, पोरं पुस्तक मिटून लिहिणार, चुकलेलं बाई समजावणार. चार महिन्यांत मास्तरांची चाळीस पोरं रस्ता ओलांडून गेली. उरली सात, आणि आठवं पोर घरचंच, नात चांदणी. त्या सातांच्या आईबापांनीही बजावलं होतं, "प्रीलिमपर्यंत बघतो, मास्तर. नाही जमलं तर समोर टाकू."

मास्तरांच्या पोटात असा जाळ उठला, की वर तवा ठेवला असता तर भाकरी करपली असती. जेवताना नजर खिडकीबाहेर, बाईंच्या दारातल्या चपलांवर.

"ही काय विद्या झाली? शिकवायचं नाही, नुसते पेपर सोडवून घ्यायचे! तिच्याकडे फुटलेले पेपर असणार."

"तुमचा जीव जलतय," बायको रखमाबाई म्हणाली, "दुसरं काय न्हाय."

मास्तरांनी चांदणीला बोलावलं. "उद्यापासून समोर जायचं."

"खरंच, आजोबा?" पोरीचा चेहरा इतका उजळला, की मास्तरांच्या काळजात सुरीच फिरली.

"शिकायला नाही, हेर म्हणून! वही न्यायची नाही, कागद आणायचा नाही. पकडली गेलीस तर माझी अब्रू जाईल. काय विचारलं, काय उत्तर, सगळं डोक्यात घालून आण."

गिरिजाबाईंनी तिला हसत बसवून घेतलं. संध्याकाळी मास्तरांच्या वर्गात सात पोरांसमोर हेराची उलटतपासणी सुरू झाली.

"पहिला प्रश्न काय होता?"

"मुक्तिवेग म्हणजे काय."

"मग? काय लिहिलंस?"

चांदणी अडखळली.

"हेर आहेस की चाळण? आठव!"

"सर, मी सांगू?" मागून निहारने हात वर केला आणि साफ चुकीचं सांगितलं. दुसऱ्याने त्याला खोडलं, तिसऱ्याने दुसऱ्याला वेड्यात काढलं. अखेर मास्तरांनी पुस्तक उघडून निकाल दिला आणि लगेच मिटलं.

संशयी माणसाचं एका दिवसावर भागतं होय? "कालचे प्रश्न कुठले होते? गेल्या सोमवारचे? सगळं जुळवून बघायचंय मला." आठवडाभराने पुन्हा तेच. चांदणी अडली की सातही जण उत्तरावर तुटून पडत. या भानगडीत घोकायला वेळच उरेना. किल्ल्यावरचे कावळे म्हणे वाट बघून वसईला उडून गेले.

प्रीलिमचा निकाल लागला. बाईंचा एकही प्रश्न जसाच्या तसा पेपरात नव्हता, म्हणजे फुटलेल्या पेपरांची गोष्ट बोंबलली. पण पस्तीस मार्कांत लोळणाऱ्या निहारला एकाहत्तर! बाकीचे सहाही चढले. चांदणी तर बाईंच्या सगळ्या पोरांच्या पुढे. पालक धावत आले. "मास्तर, आता समोर नाही टाकत हां! तुमचीच टेस्ट भारी निघाली."

क्लास वाचला. मास्तरांनी हसायला हवं होतं. पण 'टेस्ट' हा शब्द त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

तेवढ्यात गिरिजाबाई स्वतः दारात.

"मास्तर, खरं सांगा. माझी पोरं टेस्टमध्ये बरोबर लिहितात आणि पंधरा दिवसांत विसरतात. चांदणी विसरत नाही. घरी काय करता तुम्ही तिला?"

मास्तर एक जंगी थाप जुळवत होते, तोवर वर्गातून निहार बोलला, "बाई, ती हेर आहे ना! तुमचे प्रश्न सर तिला रोज विचारतात. जुने पण."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आत आधी निहारला घ्यावं.

बाई रागावल्या नाहीत. त्या विचारात पडल्या. "मी एकदाच विचारते. तुम्ही संध्याकाळी विचारलंत, मग आठवड्याने परत. थोडं विसरायला लागल्यावर आठवायला लावलं, म्हणून पक्कं बसलं. मास्तर, तुमची पद्धत माझ्यापेक्षा सरस आहे! मी उद्यापासून असंच करणार."

बाई गेल्या. मास्तर मटकन खुर्चीत बसले.

"बघितलंस? पद्धत काढली मी, आणि कळली कुणाला? तिला!"

"मंग तुमाला कवा कलनार?" रखमाबाई म्हणाली.

मास्तर ताडकन उठले. वर्गात आठ जण पुस्तकं उघडून बसले होते.

"मिटा ती पुस्तकं!" मास्तर गरजले. "ती बाई उद्यापासून सुरू करणार आहे. आपण आजच करायचं. निहार, उभा राहा. गेल्या महिन्यातला पहिला प्रश्न कुठला?"