वेगळं टेबल

चुलत पुतणीच्या लग्नाला बोरी अरबला जायचं अश्वजितच्या अगदी जिवावर आलं होतं. सिंगापूरहून नागपूर आणि तिथून दारव्हा, या प्रवासाचं काही नव्हतं. भीती होती ती पंगतीची. तिथं कोणीतरी विचारणारच, 'काय गा, माय-बापाले तिकडं आकाशातल्या हॉटेलात जेवू घातलं म्हणे?' आणि त्यावर बाबा काय बोलतील, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाबा म्हणजे बाबाराव. दारव्ह्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला, ताठ मानेचा माणूस. हिवाळ्यात ते आणि माय, म्हणजे नलूबाई, मुलाकडे सिंगापूरला गेले होते. बाबांच्या वाढदिवसाला त्यांना शहरातल्या सगळ्यांत उंच हॉटेलात न्यायचं, असं अश्वजितने आणि त्याच्या बायकोने, दीपाने ठरवलं. हौस खरी होती, त्यात शंका नाही. पण त्या हौसेला त्याने क्रेडिट कार्ड जोडलं आणि तिथंच माशी शिंकली.

कार्डाची सवलत अशी होती, की दोघं जेवली तर निम्मं बिल माफ. चौघं एका टेबलावर बसली, की तीच सवलत पावावर यायची. एका टेबलाला एकच कार्ड, आणि सोबत आलेल्यांनी टेबलं फोडायची नाहीत, असा हॉटेलचा नियम. पण नियम तिथं पळवाट. अश्वजितकडे एक कार्ड होतं, दीपाकडे दुसरं. दोन नावांनी दोन टेबलं घेतली. एकावर अश्वजित आणि माय, दुसऱ्यावर दीपा आणि बाबा. ऑफिसातले सगळेच असं करायचे. पगार लाखांत असला म्हणून काय झालं, सवलत दिसली की भल्याभल्यांना लाळ सुटते.

टॅक्सीत त्याने हसत हसत समजावलं, "आत गेल्यावर आपण एकमेकाले ओळखत नाही, असं दाखवायचं. गंमत म्हणून."

नलूबाई हसल्या. बाबाराव हसले नाहीत.

"म्हणजे वेगळं बसायचं?"

"जेवणापुरतंच, बाबा."

आता, हे दुसऱ्या कुठल्या घरात घडलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण या घराला वेगळं बसणं म्हणजे काय, ते ठाऊक होतं. बाबाराव लहान असताना बोरी अरबच्या एका मोठ्या घरच्या लग्नात त्यांच्या सगळ्या वस्तीला गोठ्याजवळ वेगळ्या पंगतीत बसवलं होतं. हात लागू नये म्हणून वाढणारा भात वरून टाकत होता. बाबारावांचे वडील पत्रावळीवरून उठले, मुलाचा हात धरला आणि उपाशीपोटी घरी आले. तेव्हापासून घरात शिरस्ताच पडला, वेगळं बसवलं की उठायचं. अश्वजित ही गोष्ट ऐकतच वाढला. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत ती सांगून त्याने ढालसुद्धा मिळवली होती. उपास आजोबाचा आणि टाळ्या याला.

हॉटेलात बाबारावांपुढे कच्चा मासा आला. ते नुसते त्याच्याकडे पाहत बसले. खिडकीजवळच्या टेबलावरून नलूबाईंनी ते पाहिलं. नवरा भरल्या ताटावर उपाशी बसलेला दिसल्यावर बोरीची बाई थोडीच गप्प राहणार! आपल्या बशीतले भाजलेले बटाटे घेऊन त्या उठल्या, सरळ पलीकडच्या टेबलापाशी गेल्या आणि नवऱ्याला वाढत म्हणाल्या, "हे खा. हे शिजेल हाय."

झालं. मॅनेजर आला. अश्वजितपुढे वाकून त्याने अदबीने विचारलं, ते गृहस्थ तुमच्यासोबत आहेत का?

दोन टेबलांत अंतर ते कितीसं. अश्वजितने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. इंग्रजीत म्हणाला, "नाही. मी त्यांना ओळखत नाही. आमच्या देशातले दिसतात, म्हणून आई बोलायला गेली."

ज्याने जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याला याचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. बाबा आता उठतील, असं अश्वजितला वाटलं. पण ते उठले नाहीत. उठले असते तर पोराचं बिंग फुटलं असतं. मांडीवरच्या रुमालाची घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली आणि मग कशालाच हात लावला नाही, बटाट्यालाही नाही. बिल निम्मं झालं. परतताना टॅक्सीत म्हणाले, "जागा चांगली होती." त्यानंतर या विषयावर अवाक्षर नाही. त्यांनी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं, असं अश्वजितला तेव्हापासून सारखं वाटत होतं. स्वतःचीच लाज वाटायला लागली, की माणसाला आरशातसुद्धा पाहवत नाही.

बोरीला मंगल परिणय पार पडला आणि विहारासमोरच्या मांडवात पंगत बसली. घरचाच म्हणून अश्वजितने वरणाची बादली उचलली. वाढत वाढत तो बाबांपाशी आला. त्यांच्या शेजारी नवरीचे आजोबा बसले होते, बाबारावांचे थोरले भाऊ धर्मपाल. त्यांनी नेमकं तेच काढलं.

"बाबाराव, त्या हॉटेलात तुले कुठं बसवलं रे पोरानं?"

अश्वजितच्या हातातली पळी थबकली.

"खिडकीपाशी," बाबाराव म्हणाले. "सगळे एकाच टेबलावर बसलतो. पोरगा माह्या बाजूले."

"पाह्य!" धर्मपालांचे डोळे भरून आले. "आपला बाप गोठ्याजवळून उपाशी उठला, अन् त्याचा नातू..."

परीक्षेत पोटच्या पोराला ज्याने कधी अर्धा मार्क वाढवून दिला नाही, तो माणूस भर पंगतीत खोटं बोलला होता. 'नाही मोठेबाबा, मीच त्यांना वेगळं बसवलं,' हे शब्द अश्वजितच्या ओठांवर आले. तिथंच अडकले. बाबांनी ताटावर आडवा हात धरला. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"परदेशातला पाहुणा वाढते काय? जा, जेवाले बस," म्हणत कोणीतरी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. बाबांच्या बाजूला जागा होती. तिथं बसायला त्याचे पाय धजेनात. तो पार टोकाला, हात धुवायच्या ड्रमाजवळ, एकटाच जाऊन बसला.

वाढायला हातभार म्हणून वरपक्षाकडचा धनसिंगही उठला होता. त्याला इकडची माणसं नवीन. पोळ्यांचं टोपलं घेऊन तो बाबारावांपुढे वाकला आणि म्हणाला, "काकाजी, तो तिकडं एकटाच बसला, तो तुमच्यासोबत हाय का?"

अश्वजितने ऐकलं आणि मान खाली घातली.

बाबारावांनी हातातला घास ताटात ठेवला. जन्मभर वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला त्यांचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"माहा पोरगा व्हय तो."

मग सरकून त्यांनी बाजूची जागा आणखी मोकळी केली. "वेगळा काहून बसला रे? ऊठ, ये इकडं."

अश्वजित उठला आणि बाबांच्या बाजूला जाऊन बसला. ताटात वरण-भात आला. तो नुसताच भात कालवत राहिला.