हॅचेट कॉर्नरची पोटनिवडणूक

आमचे आमदार एल्डन व्हिचर जानेवारीत गेले. गेले म्हणजे फ्लोरिडाला गेले, मुलीकडे, गुडघ्यांसाठी. वारले असते तर गावाने समजून घेतलं असतं. पण बावीस वर्षं विधानसभेत बसलेला माणूस ऐन थंडीत उन्हाला जाऊन बसतो, हे काही बरं दिसलं नाही.

जागा रिकामी झाली. ती वर्षभर तशीच राहिली असती तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण सरकारने आमच्या नदीवरचा पूल तपासणीसाठी बंद केला आणि मग तपासायचा विसरलं. तिकडे जाऊन आठवण करून द्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून गावाने पोटनिवडणूक मागितली.

आमचा मतदारसंघ म्हणजे नकाशा वाटून झाल्यावर उरलेला तुकडा आहे. एका बाजूला कॅनडा, दोन बाजूंना डोंगर, मतदार शहाण्णव. दोन्ही पक्षांनी उमेदवार शोधायला माणसं पाठवली. त्यांना सगळीकडे कॉफी मिळाली. मुदत संपेपर्यंत अर्ज एकही आला नाही, म्हणून मतपत्रिका छापून आली ती एका रिकाम्या ओळीची. ज्याला जो हवा, त्याने त्याचं नाव पेन्सिलीने लिहायचं.

आता हॅचेट कॉर्नरमध्ये एक रीत आहे. नको असलेलं काम जो सभेला हजर नसेल त्याच्या गळ्यात घालायचं. हजर माणूस उभा राहून नाही म्हणू शकतो, गैरहजर कसा म्हणणार? एका वर्षी एक गृहस्थ बायकोच्या बाळंतपणासाठी इस्पितळात होते. ते त्या दिवशी गावाचे कुंपण-तपासनीस झाले. मुलगी आता वकील आहे, ते अजून कुंपणं तपासतात.

गव्हर्नरसाहेबांनी तारीख दिली मार्चमधल्या तिसऱ्या मंगळवारची. राजधानीत मेपलची झाडं शोभेला असतात, त्यामुळे तिथे हा मंगळवार साधा मंगळवार असतो. आमच्याकडे तेव्हा रस वाहत असतो. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, असे चार-पाच आठवडे मिळतात. त्यात झाडांचा रस गोळा करून गुऱ्हाळात आटवायचा. चाळीस बादल्या रसाचा एक बादली पाक होतो. कढईखाली सतत लाकडं सारायची, वरचा फेस काढायचा, आणि दहा मिनिटं जरी पाठ फिरवली तरी कढई करपते.

टेकडीवरचं गुऱ्हाळ अल्व्हा स्टिकनीचं. अल्व्हा आणि त्याची बायको डॉर्कस, दोघंच सगळं बघतात. विधानसभेचं अधिवेशन नेमकं त्याच आठवड्यांत, आठवड्यातून तीन दिवस, जायला अडीच तास. पूल बंद म्हणून वर चाळीस मिनिटं. निवडून आलं की हंगाम गेला. आणि हंगाम गेला की अल्व्हाच्या वर्षात बर्फ सोडून काही उरत नाही.

म्हणून त्याने बेत आखला. सकाळी आठला आपण जाऊन हजेरी लावायची, दुपारी परत यायचं, मग डॉर्कसने जायचं. बेतात चूक अशी काही नव्हती. फक्त तो गावातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने आखला होता.

मी मतदारयादी घेऊन बसणारा. आठ वाजता सभागृहाचं दार उघडलं आणि सव्वाआठला माझ्या यादीतल्या पंच्याण्णव नावांवर खूण झाली. पोस्टात निवृत्त होईपर्यंत तिकिटं विकली, पण इतकी रांग पाहिली नव्हती. नव्वदीच्या आजीबाई स्लेजवर बसून आल्या. प्रत्येकाने मतपत्रिका घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि खुर्ची पकडली. मत कोणीच दिलं नाही. संध्याकाळपर्यंत कोण उठून जातं ते बघितल्याशिवाय नाव लिहायचं कोणाचं?

सभाध्यक्षबाई थर्झा हॉइट. वय एकोणऐंशी, हातात लाकडी हातोडी. मतपेटी जुनी, बाजूला हँडल असलेली. ते फिरवलं की मतपत्रिका आत जाते आणि घंटी वाजते. दुपारपर्यंत घंटी वाजली नाही. बीन्सचं पातेलं मात्र दोनदा रिकामं झालं.

बारा वाजता राजधानीतून फोन आला. थर्झाने घेतला.

"हो, शांततेत चाललंय... शून्य."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"कोण म्हणतं आले नाहीत? सगळे आलेत. एक सोडून."

पंच्याण्णवपैकी चौऱ्याण्णव माना अल्व्हाकडे वळल्या.

"मत का देत नाहीत म्हणजे? सात वाजेपर्यंत वेळ आहे, घाई काय आहे?" असं म्हणून थर्झाने फोन ठेवला.

अल्व्हाच्या शेजारी मर्ल फॉग पत्ते पिसत होता. मर्ल त्याचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे त्याच्याकडून दया मिळण्याची शक्यता नव्हती.

"डॉर्कस यायची आहे ना रे?"

"येईल."

"कढईवर कोण आहे?"

"डॉर्कस."

"मग तू गेल्याशिवाय ती येणार कशी?"

"विचार चाललाय."

"कर की. बीन्स आणखी आहेत."

अल्व्हा उठला. टोपी घातली. मर्लने कानामागची पेन्सिल काढून तिला टोक आहे ना ते बघितलं. मागच्या रांगांतूनही खिसे चाचपल्याचा आवाज आला. अल्व्हा खाली बसला.

असं तीनदा झालं. मधे एकदा तो लघवीला गेला, तेव्हा टोपी खुर्चीवर ठेवून, "मी आहे हं, इथेच आहे!" असं दाराबाहेरूनही ओरडत होता.

सभागृहाच्या खिडकीतून टेकडी दिसते. गुऱ्हाळाच्या छपरातून पांढरी वाफ निघत होती. वाफ म्हणजे डॉर्कस कढईवर आहे. दोनला वाफ होती. चारला होती. अल्व्हा खिडकीकडे पाठ करून बसला, तर मर्ल त्याला दर अर्ध्या तासाला बातमी देऊ लागला.

"अजून आहे बरं का."

"दिसतंय मला."

"कसं दिसेल? पाठ आहे तुझी."

थर्झा जवळ आली. "अल्व्हा, मी अध्यक्ष आहे, मी कोणाची बाजू घेत नाही. फक्त आठवण म्हणून सांगते. सरकारची बर्फ काढायची गाडी शाळेपर्यंतच येऊन परत फिरायची, तेव्हा तिच्यापुढे खुर्ची टाकून कोण बसलं होतं?"

"डॉर्कस."

"किती वेळ?"

"रस्ता शेवटपर्यंत साफ होईपर्यंत."

"एवढंच," थर्झा म्हणाली, आणि नदीच्या दिशेने बघत राहिली.

साडेसहाला तिने हातोडी आपटली. लोक रांगेने उठले. पडद्यामागे जाऊन एक नाव लिहायला किती वेळ लागतो? घंटी शाळा सुटल्यासारखी वाजू लागली. मीही लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाही, पण तुम्हाला कळलंच असेल.

शेवटी उरला अल्व्हा. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. ते बराच वेळ हलले नाहीत. सातला दोन मिनिटं कमी असताना तो बाहेर आला आणि पंच्याण्णवावी घंटी वाजली.

आमच्याकडे मोजणी मोठ्याने वाचून होते. थर्झा वाचायची, मी रेघा ओढायचो.

"डॉर्कस स्टिकनी. डॉर्कस स्टिकनी. डॉर्कस स्टिकनी."

नंतर नंतर ती नुसतं "डॉर्कस" म्हणू लागली आणि शेवटी नुसती मान हलवू लागली. मग एका कागदावर थांबली. घडी उलगडेना. तिने नखाने कोपरा सोडवला.

"अल्व्हा स्टिकनी."

मी नवी ओळ सुरू करून पहिली रेघ ओढली.

"हे कोणी लिहिलं?" मर्लने विचारलं.

"मत गुप्त असतं, मर्ल," थर्झा म्हणाली आणि पाकाने बोटांना चिकटलेला कागद बाजूला ठेवला.

 मर्लने आपल्या डब्यातला ॲपल-पायचा शेवटचा तुकडा अल्व्हासमोर सरकवला. अल्व्हाने तो खाल्ला नाही.

निवडून आलेल्याला घरी जाऊन कळवायचं, हे अध्यक्षांचं काम. थर्झा, मी आणि यादी अल्व्हाच्या ट्रकमध्ये बसून टेकडीवर गेलो. वाटेत अल्व्हा एकदाच बोलला. "रस चांगला होता आज," म्हणाला.

डॉर्कस झारा घेऊन कढईवर उभी होती. अकरा तास उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"किती?"

"चौऱ्याण्णव," थर्झा म्हणाली.

"उरलेलं एक?"

थर्झाने छपराकडे पाहिलं. मी यादीकडे पाहिलं. अल्व्हा म्हणाला, "मला."

आता डॉर्कस वळली.

"मग दिवसभर तिथे बसलास कशाला?"

"बसताना वाटलं, आपण सुटू. लिहायला बसलो तर हात तुझ्या नावाकडे जाईना."

"हे सकाळी आठला सुचलं असतं, तर बारा वाजता येऊन मीही तुलाच मत दिलं असतं."

"माहीत आहे," अल्व्हा म्हणाला.

डॉर्कसने भट्टीत दोन लाकडं सारली. "पूल बघणारं खातं तिकडे कुठल्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या," थर्झा म्हणाली. "तिथे खुर्च्या आहेत."

"मी माझी नेईन." मग तिने माझ्यापुढे हात केला. "ती यादी दे."

मी दिली. तिने अल्व्हाच्या नावावर काट मारली आणि पहिल्या नावापासून समोर वार लिहायला सुरुवात केली. चौऱ्याण्णव जणांनी तिला पाठवलं होतं. ती तिकडे असताना भट्टीत लाकडं सारायला कोणीतरी लागणारच. आजीबाईंच्या नावापुढे तिने लिहिलं, 'बसून फेस बघतील.' मर्लला तिने पहाटे पाचची पाळी दिली, आणि तीही लागोपाठ तीन आठवडे.

"फेस वर आला की साईचा एक थेंब टाकायचा," तिने अल्व्हाच्या हातात झारा दिला. "एकच. दोन टाकतोस तू."

"एकच," अल्व्हा म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याने टोपी खुंटीला टांगली.

माझ्या नावापुढे गुरुवार आला होता. त्या दिवशी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, पूल बंद असल्यामुळे लांबच्या वाटेने. मी तारीख बदलून घेतली. गेलो नाही तर काय होईल, ते विचारावं असं मला वाटलं नाही.