पोचूचा जाळ, साहेबांचे आकडे

एटापल्ली तालुक्यातल्या ललिता नावाच्या अंगणवाडी सेविकेचं पत्र मला दोन वर्षांपूर्वी आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणता येत नाही. निवृत्त ग्रंथपालाजवळ वेळेशिवाय असतं काय?

पत्र थोडक्यात होतं. 'तुम्ही त्र्यंबकराव मुठाळांवर पुस्तक लिहून राह्यले, असं समजलं. माझा पणजोबा पोचू त्यांच्याकडे कामाले होता. दारूची बाटली चोरली म्हणून त्याले तीन महिने जेल झाली. अजूनही आमच्या घराले चोराचं घर म्हणतेत. तो चोर होता का, तेवढं कळवा.'

तो चोर नव्हता, हे मला पत्र येण्याआधीच ठाऊक होतं.

त्र्यंबकराव इंग्रजांच्या अबकारी खात्यातले रसायनतज्ज्ञ. मोहाची दारू किती कडक आहे ते मोजणं हे त्यांचं काम. त्यासाठी मिळालेलं काचेचं मापक पहिल्याच दौऱ्यात बैलगाडीतून उतरताना फुटलं. वर कळवायची लाज वाटली, म्हणून त्यांनी अकरा वर्षं कळवलं नाही. चाखून पाहावं, तर साहेबांच्या गळ्यात माळ. मग जंगलातली माणसं करतात तेच त्यांनी पोचूला करायला लावलं. थोडी दारू चुलीत फेकायची आणि जाळ पाहायचा. निळा उठला तर माल कडक, नुसताच फुसफुसला तर पाणी जास्त. पोचू म्हणायचा, "बरी आहे." साहेब वहीत लिहायचे, 'एकेचाळीस दशांश सात.'

या आकड्यांवर साहेब नावारूपाला आले आणि नोकरी सोडण्याआधीच निवडणुकीच्या तयारीला लागले. भर सभेत विरोधकानं विचारलं, "साहेब, तुमचं ते मापक एकदा दाखवा न!" मापक नाही हे ठाऊक होतं एकट्या पोचूला. आठ दिवसांत तो चोर ठरला. चोराची साक्ष कोण मानणार? साहेब निवडून आले, कायदेमंडळात दारूबंदीवर अडीच तास बोलले. टाळ्या म्हणे दशांशांना पडल्या.

पण माणूस टिपणं ठेवणारा. ज्या दिवशी चोरीची फिर्याद दिली, त्याच दिवशी त्यांनी वहीत लिहिलं आहे: 'पोचूस नमुन्याची बाटली दिली. जाळून पाहणे.'

वही मला त्यांचे नातू गुणवंतराव यांनीच दिली होती, न वाचता. ते जयंती समितीचे अध्यक्ष, आणि पुस्तक समितीच काढणार होती. मी चाचरतच ते पान दाखवलं.

"सोडून द्या न भाऊ," ते म्हणाले. "आजोबा दारू हुंगत होते, असं छापाचं का आपण?"

"हुंगत नव्हते. म्हणून तर पोचू लागला."

"तुम्ही लई वाचता, हाच तुमचा रोग आहे. चहा घ्या."

मी चहा घेतला. घरी येऊन हस्तलिखितात लिहिलं, 'काही नोकर अप्रामाणिक निघाले.' इतकं गुळगुळीत वाक्य मला पुन्हा कधी जमलं नाही.

गेल्या सोमवारी पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. गुणवंतरावांनी वाक्य सुधारलं होतं: 'पोचू नावाचा नोकर चोर निघाला.' प्रकाशन मार्कंड्याच्या जत्रेत. आमच्या आणि एटापल्लीच्या, अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींना एकेक प्रत भेट. म्हणजे ललिताबाईंच्या गावालाही.

मी फोन केला. "ते वाक्य काढा, नाहीतर माझं नाव काढा."

"नाव काढतो न," गुणवंतराव म्हणाले. "त्याले का लागते!"

चार वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात माझं राहिलं नाही. मग मी वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स काढली आणि लिहायला बसलो. पाच कागद फाडले. प्रत्येकात मी स्वतःचीच बाजू मांडत होतो. सहाव्यावर लिहिलं:

'ललिताबाई, पोचू चोर नव्हते. सोबत साहेबांच्याच अक्षरातलं पान आहे. ग्रामसभेत वाचून दाखवा. पुस्तकात त्यांच्यावर ठपका येईल, त्याची सुरुवात माझ्या लेखणीनं झाली. दोन वर्षं मी भीतीपोटी गप्प बसलो. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा. मी येऊन सांगेन.'

शेवटचं वाक्य खोडावं असं दोनदा वाटलं.

वरोऱ्याच्या पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी पाकीट तोललं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.

"परत घेता येतं का हो, बाई?"

"आता नाई येत, भाऊ."

"बरं झालं," मी म्हणालो आणि पावती घेतली.